रिकामी बंदूक पुजत नाहीत म्हणे

पिंकीचं लग्न झालं त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार बावीस साली, आमच्या घरात बंदूक आली. नात उन्हाळ्यात सासरी गेली आणि पोळ्याच्या आधी दुनळी घरी आली. माझा दीर चंपतराव गावभर सांगत फिरायचा, "वहिनीनं पोरगी देल्ली अन् बंदूक आणली."

यंदा आमच्या पारशिवनीकडच्या काही घरांना नवे परवाने मिळाले आहेत. अर्जात सगळ्यांनी रानडुकरं लिहिली. डुकरं आहेतच, पण पेंचच्या रस्त्याला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांच्या दारात दुसऱ्याही गाड्या येऊन उभ्या राहतात, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. नवी बंदूक घेतलेली माणसं माझ्या मुलाला, गोविंदाला, विचारायला येतात. कुठं टांगावी, भरून ठेवावी की रिकामी, कोणी दारात आला तर आधी काय करावं. गोविंदा माझ्याकडे बोट दाखवतो. दरवेळी नव्यानं सांगायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच लिहिते. ज्याला पटेल त्यानं ऐकावं. ज्याला राग येईल त्यानं रागवावं, पण काडतुसं आजच्या आज वेगळ्या पेटीत ठेवावीत.

आमचं घर गावापासून सुटं, शेतातच आहे. माझ्या मालकांना सगळं गाव बापूजी म्हणायचं, मीही बापूजीच म्हणत आले. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. माती मी तुडवली, भिंती त्यांनी रचल्या. त्या वर्षी ते अंथरुणावर होते. लकव्यानं उजवं अंग गेलं होतं. जीभ जड झाली होती, पण एक वाक्य मात्र स्पष्ट निघायचं, "मले इथंच मरू द्या."

घर आणि शेत त्यांच्या नावावर होतं, आणि नागपूरच्या एका रिसॉर्टवाल्याला नेमकं तेच पाहिजे होतं. त्याच्याकडून अनिश नावाचा माणूस यायचा. पहिल्यांदा पेढे घेऊन आला.

"काकू, काकाजींना नागपूरला ठेवा. दवाखान्याजवळ फ्लॅट देतो. लिफ्ट आहे."

मी म्हटलं, "लिफ्टमंदी म्हैस मावते का?"

तो हसला. पुढच्या खेपेला हसला नाही. मग एका सकाळी कुंपणाची तार कापलेली सापडली. पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर फोडलेला सापडला. मग आमचा कुत्रा भुऱ्या तोंडातून फेस येऊन बांधावर मेलेला सापडला. त्याच दिवशी अनिशचा फोन आला, काकाजींची तब्येत कशी आहे विचारायला.

गोविंदा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. रोज मोटारसायकलनं जातो-येतो. त्याचा जीव तिथं लागेना.

"आई, खापरखेड्याले खोली करू. बाबाले तिथं घेऊन जाऊ."

"तू जाय, कामिनीले घेऊन जाय. आमी नाही येत."

"अन् मी नसताना ते लोक घरात घुसले तं?"

"तं घुसले म्हणून सांगीन तुले. भेणार नाही."

डुकरांसाठी त्यानं आधीच परवान्याचा अर्ज केला होता. तो नेमका तेव्हा मंजूर झाला. नागपूरला जाऊन त्यानं बंदूक कशी हाताळायची याचं शिक्षण घेतलं, कागद आणला, आणि बंदूक आणली. त्या संध्याकाळी मी त्याला समोर बसवलं आणि तिथं काय काय शिकवलं ते सगळं वदवून घेतलं. भरलेली आहे असं समजूनच हात लावायचा. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. बोट घोड्यावर शेवटी जातं, आधी नाही. आणि ज्याच्यावर रोखली त्याच्या मागं काय आहे, ते रोखण्याआधी पाहायचं.

"मांग काय आहे तेही पाहाचं?" कामिनीनं विचारलं. ती माझी सून.

"छर्रे पांगतात ना. एकाले थोडीच लागतात," गोविंदा म्हणाला.

मी ठरवलं, बंदूक आतल्या खोलीत लोखंडी पेटीत, किल्ली गोविंदाकडे. काडतुसं माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेत, किल्ली माझ्या कमरेला. आणि मी त्याला म्हटलं की ती उघडून रिकामी कशी करतात ते मला दाखव.

"आई, कायद्यानं मीच हात लावू शकतो तिले."

"चालवाले नाही मागत मी. घरात गॅस आला तवा मी आधी बंद कराले शिकली होती. चालू कराले कोणीही शिकते."

त्यानं दाखवलं. खटका दाबला की नळ्या खाली वाकतात, आणि आत काय आहे ते आंधळ्यालाही बोटानं कळेल असं दिसतं.

आता जी गोष्ट कोणी शिकवत नाही ती सांगते. बंदूक आली की बाकीचं घर आळशी होतं. भुऱ्या गेल्यावर दुसरं पिल्लू आणायचं होतं, गोविंदा म्हणाला, आता काय गरज? आवारातला मोठा दिवा गेला, तो बदलला नाही. समोरच्या दाराचा आडणा मोडला, तो सुताराकडे गेलाच नाही. आधी सांजेला कोणाचीही गाडी थांबली की मी बांधापलीकडे भीमाबाईला हाक मारायची आणि तिकडून तिची हाक यायची. भीमाबाई माझी शेजारीण. साठी ओलांडल्यावर आम्ही दोघी एकाच चटईवर बसून अक्षरं शिकलो. तिचा 'भ' माझ्याहून चांगला येतो, हे ती अजून ऐकवते. बंदूक आल्यावर ती हाकही बंद झाली. एक दिवस तीच म्हणाली, "काहून वं गोपिका, आता बंदुकीसंगच बोलतं का?" मी हसून सोडून दिलं.

मग दसरा आला.

चंपतराव सकाळीच धोतर नेसून आला. बापूजींच्या नंतरचा तोच, त्यामुळे पूजा त्यानंच करायची. पाटावर विळा, कोयता, पावशी, नांगराचा फाळ मांडला. गोविंदानं पेटीतून दुनळी काढून मधोमध ठेवली. चंपतरावानं हळदीचं बोट वर उचललं आणि थांबला.

"भरली आहे का गा?"

"नाही काका. काडतुसं आईपाशी."

"रिकामी? रिकामं शस्त्र पुजतेत का? रिकामा पाळणा हालवत नाही, रिकामं ताट देवापुढं ठेवत नाही. अन् लक्ष्मीसारखी वस्तू तू रिकाम्या पोटानं पाटावर बसवतं? आपल्या आज्याजवळ ठासणीची भरमार बंदूक होती. तो बार भरल्याबिगर पूजा नव्हता करत. एक तरी घाल आतमंदी."

मी म्हटलं, "भाऊजी, ताटात पुरणपोळी असते. ती उडून कोणाले लागत नाही."

"वहिनी, शस्त्राच्या पूजेत बायकांनी बोलू नाही."

"मंग किल्लीही बायकांनी देऊ नाही."

चंपतराव हळदीचं बोट तसंच धरून बसला. म्हणाला, अशी पूजा तो करणार नाही, घरावर काही आलं तर मग आपल्याला सांगू नका. खाटेवरून बापूजी आमच्याकडे पाहत होते. गोविंदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दे ना आई. सणाचा दिवस आहे. पूजा झाली का लगेच काढतो."

मी एक काडतूस दिलं.

पूजा झाली. झेंडूची माळ नळ्यांवर चढली, दस्त्यावर कुंकवाचं बोट उठलं. दुपार कलल्यावर चंपतराव घाई करू लागला, शिवेबाहेर जायचं, सोनं आणायचं, गावातले लोक निघाले. गोविंदा त्याच्यासोबत निघून गेला. बंदूक पाटावर तशीच. भरलेली. पेटीला कुलूप नाही, दाराला आडणा नाही, आणि शेजारी खाटेवर हालता न येणारा माणूस.

मी कामिनीला हाक मारली. "इकडे ये. पाह्य, मी काय करून राहिली ते. उद्या कोणी विचारलं तं सांगाले लागन." माळ बाजूला केली, खटका दाबला, काडतूस काढलं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं. माळ पुन्हा होती तशी घातली. कामिनी म्हणाली, "चंपतकाका चिडतील." मी म्हटलं, "चिडू दे. देव नाही चिडत."

थोड्या वेळानं अनिशची गाडी आली. सोबत दोन पोरं होती. अनिशच्या हातात आपट्याची पानं होती.

आमच्याकडे दसऱ्याला सोनं घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत लावत नाहीत. वर्षभराचा वैरी असला तरी त्या दिवशी आत घेतात. अनिशला हे माहीत होतं. म्हणून त्यानं तोच दिवस धरला.

"काकाजी, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." त्यानं बापूजींचे पाय धरले, पानं त्यांच्या डाव्या हातात दिली आणि खाटेच्या कडेला बसला. मी दात-ओठ खात आत गेले, कारण आलेल्याला गूळ-खोबरं द्यायचं असतं. वाटी घेऊन बाहेर आले तर पानं खाली पडली होती. खाटेवर कागद पसरलेला होता, शाईची डबी उघडी होती, आणि अनिश बापूजींचा डावा अंगठा ओढत होता. बापूजींनी मूठ आवळली होती. सगळ्या अंगातलं जे काही बळ उरलं होतं ते त्या मुठीत आलं होतं.

"सोड त्याईचा हात!" मी ओरडले. एक पोरगा माझ्या आडवा आला. म्हणाला, "आजी, बसा ना जरा. सणावाराले काहून चिल्लावता?"

तेवढ्यात अंगणात गोविंदा आला. मागं चंपतराव. गोविंदानं दारातून आत पाहिलं आणि हातातली पानं टाकून सरळ पाटाकडे झेपावला. माळ तुटून झेंडू घरभर झाला. त्यानं बंदूक अनिशवर रोखली.

"अंगठा सोड!"

अनिशचं तोंड पांढरं पडलं, पण हात सुटला नाही. भीतीनंच घट्ट झाला असावा. आणि मागून चंपतराव ओरडत होता, "चालव गोविंदा! काय पाहून राहिला? चालव!"

बंदूक रिकामी आहे हे मला माहीत होतं आणि कामिनीला. सांगितलं असतं तर अनिशलाही कळलं असतं. मी तोंड उघडून तशीच उभी राहिले. मला वाटलं, माझा मुलगा घोडा ओढणार नाही.

त्यानं ओढला.

टक् असा आवाज झाला. विळी बाजूला ठेवताना होतो तेवढा.

 दुसरा पोरगा हसला. "अबे, खाली आहे! भैया, बंदूक खाली आहे!"

गोविंदा हातातल्या बंदुकीकडे पाहत राहिला. अनिशच्या तोंडावर रंग परत आला. "वा रे शेर," तो म्हणाला, आणि बापूजींची बोटं एकेक करून उघडू लागला.

मी हातातली गूळ-खोबऱ्याची वाटी त्या आडव्या पोराच्या तोंडावर मारली आणि खाटेजवळ गेले. पिशवीतून काडतूस काढून अनिशच्या नाकासमोर धरलं.

"होय, खाली आहे. मीच केली. तुह्यासारख्यासाठी माहं पोरगं फासावर चढवीन का मी? बंदूक रिकामी आहे, पण घर रिकामं नाही. ऊठ!"

तो उठला नाही. म्हणून मी बाहेर अंगणात आले आणि कितीतरी दिवसांनी बांधापलीकडे हाक मारली. "भीमाबाई! ये भीमाबाई वं! धाव!"

त्या दिवशी भीमाबाई आणि तिच्या वस्तीतल्या बाया दीक्षाभूमीला गेल्या होत्या. त्यांची जीप नुकतीच नागपूरहून परत येऊन रस्त्यावर थांबली होती, बाया उतरत होत्या. पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या, हातात निळे झेंडे. भीमाबाईनं काय झालं ते विचारलं नाही. पिशवी तिथंच टाकून बांधावरून चालत आली, मागून साऱ्याजणी.

"कोण आहे वं घरात?"

"मारबत आली आहे," मी म्हटलं.

आमच्या नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढतात. सगळी रोगराई, सगळी पीडा त्या बाहुलीच्या माथ्यावर घालून तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. मी दसऱ्याच्या दिवशी ओरडले, "इडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" कामिनी आतून ओरडली. बायांनी उचललं. "जमिनीचे दलाल घेऊन जाय गे मारबत! कुत्र्याले जहर देणारे घेऊन जाय गे मारबत!" एकजण खाटेजवळ गेली, एक दारात उभी राहिली, आणि घर पांढऱ्या लुगड्यांनी भरून गेलं. भीमाबाईनं शाईची डबी उचलून अनिशच्या हातावर उपडी केली.

"घे. तुहाच अंगठा लाव."

तो उठला. पोरं आधीच गाडीत होती. जाताना म्हणाला, "बंदूक रोखली माझ्यावर. आता बघतोच." गाडी वळली तेव्हा बाया रस्त्यापर्यंत ओरडत गेल्या. परत येताना भीमाबाई मला म्हणाली, "आमी मारबत मानत नाही, तुले माहीत आहे ना?" मी म्हटलं, "माहीत आहे." ती म्हणाली, "पण वरडाले मजा येते."

कागद बापूजींनी मुठीत चुरगाळला होता. त्यावर शाईचा एक डाग पडला होता, अंगठा नव्हता.

गोविंदा भिंतीला टेकून बसला होता. मी त्याला उठवलं. जिथून घोडा ओढला त्याच जागी उभं केलं.

"आता पाह्य. तो तिथं बसला होता. त्याच्या मांग काय होतं?"

त्यानं पाहिलं. अनिशच्या खांद्यामागं बापूजींची उशी होती. उशीवर बापूजींचं डोकं होतं. बापूजी त्याच्याकडेच पाहत होते.  गोविंदा खाटेच्या पायाशी बसला आणि बापूजींनी शाई लागलेला डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

चंपतराव दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "भाऊजी, पुजलेली तशीच भरून राहिली असती तं आज भाऊ गेला असता तुमचा."  तो म्हणाला, "घरातली गोष्ट घरात ठेवा. ठाण्यात गेले तर परवाना जाईन."

"परवाना जाऊ दे. तो अनिश जाऊन आपल्याआधी सांगन, ते चालन का?"

त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, मी आणि गोविंदा ठाण्यात गेलो. भीमाबाई सोबत आली. मी सगळं सांगितलं. गोविंदा बंदूक भरून पाटावर टाकून गेला हेही सांगितलं, मी हात लावला हेही, आणि त्यानं घोडा ओढला हेही. साहेबांनी गोविंदाला चांगलंच झापलं. पूजा करायची तर विळ्याची करा, म्हणाले. बंदूक जमा करून घेतली, परवान्यावर चौकशी बसवली. मग मी कापलेली तार, मेलेला कुत्रा आणि चुरगाळलेला कागद त्यांच्या टेबलावर मांडला. म्हणजे कागद मांडला, बाकीचं बोलून मांडलं. त्याचीही तक्रार लिहून घ्यायला लावली. ते म्हणाले, उद्या या. मी म्हटलं, आज बसतो आम्ही, आम्हाला घाई नाही. तक्रार लिहून होईपर्यंत आम्ही दोघी बाकावरून उठलो नाही. सही मी केली. साक्षीदार म्हणून भीमाबाईनं केली, आणि तिचा 'भ' माझ्याहून चांगला आला.

अनिश पुन्हा घरात आला नाही. फोन दोनदा आले. दोन्ही वेळा मी उचलला. पहिल्यांदा त्यानं विचारलं, काकाजी कसे आहेत. मी म्हटलं, जिवंत आहेत, तुमी आपलं सांगा. दुसऱ्यांदा मी नुसतं मारबतीचं ओरडले आणि ठेवून दिला.

बंदूक अजून जमाच आहे. पुढं परत मिळू शकते म्हणतात. गोविंदा आणायला गेला नाही आणि मी त्याला जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. बंदूक वाईट आहे असं मी कोणाला सांगत नाही. डुक्कर हाकायला ती लागते, आणि आमच्यासारख्या सुट्या घरात माणूस का घेतो तेही मला कळतं. पण तुम्ही ती आणाल त्या दिवशी आधी दाराचा आडणा बसवा. आवारातला दिवा लावा. कुत्रा पाळा. शेजारणीला हाक मारायची सवय सोडू नका. आणि दसऱ्याला कोणी वडीलधारा येऊन म्हणाला की रिकामी पुजू नये, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी अजून इथंच आहे.

आमच्या दारावर आता सागाचा आडणा आहे. भुऱ्याच्या जागी दोन कुत्रे आहेत. शेतात यंदाही कापूस आहे, आणि सांज झाली की बांधापलीकडून हाक येते.

बापूजी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी, १५ सप्टेंबर २०२३ ला गेले. आपल्या घरात, आपल्या खाटेवर.